पडद्यामागचा गडी

"खटावकर, त्या पडद्यामागं कुणी गडी झोपलाय का?"

थोरातवहिनी ब्लाउज घालून बघायला पडद्याकडं निघाल्या होत्या, त्या अर्ध्या वाटेत थबकल्या. आतून लाकूड कापल्यासारखा आवाज येत होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गळ्यातली टेप काढली आणि पुन्हा गळ्यात घातली. काही सुचलं नाही की ते हेच करत.

"गडी कुठला, वहिनी. पिकोचं मशीन आहे. दुरुस्तीला काढलंय."

एवढ्यात ते मशीन थांबलं. मध्येच, एकदम. वहिनी कान देऊन उभ्या राहिल्या. अण्णांनीही श्वास रोखला. बराच वेळ काहीच नाही. मग बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा एक मोठा श्वास मशीननं घेतला आणि झोपेतच ते म्हणालं, "अण्णा, बाही."

हे सगळं मला मागाहून कळलं, कारण ते मशीन मी होते.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. कऱ्हाडात आमचं दुकान होतं, अजून आहे. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. घरात आम्ही तिघंच: अण्णा, मी आणि अण्णांची थोरली बहीण अंबूआत्या. आई मी लहान असतानाच गेली. मला आत्यानं वाढवलं आणि ते सोपं नव्हतं, कारण शाळेत असल्यापासून मला फिट्स यायच्या. फिट येणाऱ्या मुलीला शिंप्याच्या घरात काम तरी काय द्यायचं? जिकडं बघावं तिकडं टोकदार, धारदार नाहीतर तापलेलं. म्हणून माझ्या वाट्याला हुक आणि बटणं आली. कापड कापायची मोठी कात्री अण्णांची. आमच्या घरात कुलदैवताच्या खालोखाल मान त्या कात्रीला. मी तिला हात लावायची सोय नव्हती, आणि मला जगात दुसरं काहीही नको होतं. मैत्रिणी लग्नाची स्वप्नं बघायच्या तेव्हा मी टेबलापाशी उभी राहून अखंड कापडात पहिली कात्री चालवायची स्वप्नं बघत होते.

मग पुण्याच्या डॉक्टर तांबोळींनी माझ्या छातीत यंत्र बसवलं. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, बिस्किटाएवढं. त्यातून एक तार मानेतल्या नसेपर्यंत जाते. दर पाच मिनिटांनी ते यंत्र अर्धा मिनिट त्या नसेला बारीक टोचणी देतं आणि फिट आवरून धरतं. टोचणी चालू असली की आवाज मात्र बसतो. गिऱ्हाइकाला मी माझ्या आवाजात "वहिनी, गळा मागून" म्हणायचे आणि "किती खोल हवाय?" हे एखाद्या फौजदाराच्या आवाजात बाहेर पडायचं. नवीन गिऱ्हाईक मागं वळून बघायचं.

डॉक्टरांनी करंट थोडा थोडा वाढवत नेला तशा फिट्स कमी झाल्या आणि एके दिवशी थांबल्याच. पाडव्याला अण्णांनी कात्रीची पूजा केली आणि कात्री माझ्या हातात दिली. टेप काढून पुन्हा गळ्यात घातली, एवढंच.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. फिट येतेय असं वाटलं तर त्यांनी दिलेलं चुंबक यंत्रावरून एकदा फिरवायचं. ते चुंबक अण्णांनी देव्हाऱ्यात ठेवलं आणि त्याला रोज हळदकुंकू लागायला लागलं. दुसरं म्हणजे यंत्राजवळ लाउडस्पीकर येऊ द्यायचा नाही. हे खातं आत्यानं घेतलं. तिचे यजमान, आमचे भोंगेवाले काका, जन्मभर लोकांच्या लग्नामुंजीत लाउडस्पीकर लावत आले होते, तेव्हा या जिनसेवर आपला अधिकार आहे असं तिचं मत होतं. गणपतीत मंडळाच्या पोरांनी आमच्या भिंतीशी स्पीकर रचले, तर ती कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी राहिली. "माझ्या पोरीच्या छातीत मशीन हाय. लांब न्या. अजून लांब." त्या वर्षी मंडळाचे स्पीकर एका गल्लीत आणि गणपती दुसऱ्या गल्लीत होता.

फिट्स गेल्या, पण झोप आली. रात्रभर झोपून सकाळी उठायचे ती पोती वाहून आल्यासारखी. दुपारी दुकान बंद करून सगळं गाव आडवं होतं तशी मीही पडद्यामागं व्हायचे, पण दुकान उघडलं तरी माझे डोळे उघडत नसत. उभ्याउभ्या डुलकी लागायची. त्यातच थोरातवहिनींच्या मुलीचं लग्नातलं ब्लाउज माझ्या हाती आलं आणि मी त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या.

अण्णांनी त्या बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, बराच वेळ बघितल्या, मग कात्री उचलली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं.

"यंत्र काढून टाकू या, वैजू."

"अण्णा, फिट्स परत येतील."

"येऊ देत. फिट्स होत्या तेव्हा निदान लोकांचं कापड शाबूत होतं."

मी रडकुंडीला आले तसे ते खाली बसले. "कापडाचं जाऊ दे," ते हळू आवाजात म्हणाले. "तू झोपेत मध्येच थांबतेस. मी पडद्याअलीकडं उभा असतो. तू परत श्वास घेतेस तेव्हा मी घेतो. मला नाही जमत आता."

मला धडकी भरली ती श्वासाची नव्हे. यंत्र काढलं तर फिट्स येणार, म्हणजे कात्री गेली. यंत्र राहिलं तर मी टेबलावर झोपणार, म्हणजे कात्री गेली. कुठूनही कापा, माझ्या वाट्याला बटणंच येत होती.

"डॉक्टरांना विचारू या ना," मी म्हटलं.

"काय विचारायचं?" आत्या मध्ये पडली. "लग्नाची पोरगी गड्यासारखी घोरतीय, म्हणून? सगळं फायलीत लिहितात ती लोकं."

डॉक्टर दर खेपेला न चुकता विचारायच्या, "झोप कशी आहे?" आणि अण्णा न चुकता सांगायचे, "गाढ."

आत्यानं उपाय स्वतःच्या हाती घेतला. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक मखमली पुरचुंडी असायची, पेढ्याएवढी. काका गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं आणि ही आली. आत काय आहे असं विचारलं की सांगायची, "तुझे काका." त्या पुरचुंडीला नेहमी पाच-सहा टाचण्या असायच्या. शिंप्याच्या घरात मखमलीचा तुकडा दिसला की येणाराजाणारा त्यात टाचणी खोचणारच, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दुपारी मी घोरायला लागले तशी ती माझ्या उशाशी येऊन बसली. पुरचुंडी मुठीत घेतली, मूठ बरोबर माझ्या यंत्रावर ठेवली आणि मारुतीला आणि काकांना एकदमच कामाला लावलं. थोड्या वेळात घोरणं उतरलं. श्वास तान्ह्या पोरासारखा संथ चालू राहिला. पडद्याअलीकडं अण्णा ताटकळत होते. "अजून चालू आहे, अक्का," ते म्हणाले, आणि मी उठेपर्यंत ते तेवढंच म्हणत होते.

मी जागी झाले ती कितीतरी दिवसांनी ताजीतवानी. अण्णांनी ड्रॉवरचं कुलूप काढलं, कात्री बघितली आणि परत कुलूप लावलं. "आठवडाभर बघू," म्हणाले. रोज दुपारी आत्या मूठ ठेवी, रोज मी संथ झोपे आणि रोज अण्णांचा हात ड्रॉवरपर्यंत जाऊन मागं येई.

ही बातमी थोरातवहिनींना लागायला कितीसा वेळ लागणार? त्या आपल्या यजमानांनाच घेऊन आल्या. थोरातसाहेब तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, अंगानं भरभक्कम. त्यांना गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर आडवं केलं. ते पडल्या पडल्या घोरायला लागले. आत्यानं मूठ ठेवली. साहेब असे घोरले की हँगरवरची ब्लाउजं हलायला लागली.

"काही फरक नाही हो, अंबूताई," वहिनी काळजीनं म्हणाल्या.

आत्यानं मूठ उचलली. "यांचं आमच्या यजमानांशी जमत न्हवतं. तुमच्या थोरल्याच्या बारशाला यांनी भोंग्याचा आवाज कमी करायला लावला होता."

"अहो, त्याला किती वर्षं झाली."

"ते विसरलेले न्हाईत."

आठवडा संपत आला. त्या दिवशी आत्यानं कसूर म्हणून ठेवली नाही. मी जागी झाले तरी तिची मूठ उठेना. "पड अजून जरा, गुण भिनू दे," म्हणाली. मी पडून राहिले. मग एकाएकी मला कापड जळाल्याचा वास आला. इस्त्री तर बंद होती. तो वास मला चांगला ओळखीचा होता. "आत्या," मी म्हटलं, आणि पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा आत्याची मूठ छातीवर तशीच होती, पहिल्यापेक्षा घट्ट, आणि ती रडत मारुतीला नावं ठेवत होती. अण्णा देव्हाऱ्यातलं चुंबक घेऊन धावत आले होते. कुंकवानं माखलेल्या हातांनी ते चुंबक फिरवायला बघत होते, पण आत्याची मूठ हलत नव्हती आणि फिरवायला जागाच नव्हती.

"संपलं," अण्णा म्हणाले. "यंत्राचाही गुण गेला. पुण्याला जाऊन ते काढूनच आणू."

डॉक्टर तांबोळींनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "आणि झोप?"

"गाढ," अण्णा म्हणाले.

कात्री तर गेलीच होती. आता लपवून काय वाचणार होतं? "मी घोरते, डॉक्टर," मी म्हटलं. "आणि झोपेत माझा श्वास थांबतो. करंट वाढवल्यापासून." नेमकी त्याच वेळी टोचणी चालू झाली, त्यामुळं हा कबुलीजबाब फौजदाराच्या आवाजात झाला. अण्णांचा हात गळ्याकडं गेला, पण तिथं टेप नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि हे मला आज सांगताय?"

"लग्नाची पोरगी हाय," आत्या म्हणाली. "तुम्हाला मुली हायत का, बाई?"

"दोन आहेत."

"घोरतात?"

"थोरली घोरते."

"मग तिच्या लग्नाचं?"

"झालंय लग्न. जावईही घोरतो."

आत्यानं हे मनात नोंदवून ठेवलं असावं. डॉक्टरांनी सांगितलं की या यंत्रानं काही जणांच्या झोपेत असं होतं. टोचणी चालू झाली की गळ्यात, श्वासात अडथळा येतो. जागेपणी कळत नाही, म्हणून तर त्या झोपेबद्दल विचारत होत्या. आता झोपेत तपासायला हवं. "ही तपासणी खरं तर रात्रभराची असते," त्या म्हणाल्या, "पण हिची दुपारची झोप एवढी नावाजलेली आहे, तर आधी तीच बघू."

माझ्या डोक्याला, छातीला, नाकाखाली तारा चिकटवल्या. आत्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. अण्णा डॉक्टरांबरोबर शेजारच्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर बसले. मी एवढ्या तारांतही लगेच झोपले, त्यामुळं पुढचं अण्णांच्या तोंडून ऐकलेलं.

"ही रेघ म्हणजे तिचा श्वास," डॉक्टरांनी दाखवलं. रेघ वरखाली होत होती. मग खाली एका कोपऱ्यात यंत्र चालू झाल्याची खूण उमटली आणि श्वासाची रेघ आडवी पडली. अण्णा खुर्चीतून उठले. खूण गेली, रेघ उसळली. पाच मिनिटांनी परत खूण, परत रेघ आडवी. "बघितलंत?" डॉक्टर म्हणाल्या. "हिचा श्वास वाटेल तेव्हा थांबत नाही. यंत्र चालू झालं की थांबतो."

बाहेर बाकावर आत्यालाही ते थांबणं ऐकू येत होतं. दोनदा तिनं सोसलं. तिसऱ्यांदा तिनं नर्सला बाजूला सारलं, आत येऊन माझ्या उशाशी बसली आणि मूठ ठेवली. पडद्यावरची रेघ संथ झाली. पाच मिनिटं गेली, खूण आली नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, आणखी थांबल्या. खूण नाहीच. श्वास आपला झोपाळ्यासारखा चाललेला.

"तुमच्या ताई काय करताहेत?"

"मारुतीचं नाव घेतीय," अण्णा म्हणाले. "आणि दाजींचं."

डॉक्टर खोलीत आल्या. "आजी, मूठ उघडा जरा." त्या वाकल्या, तशी त्यांच्या हातातल्या कागदांची क्लिप सुटली आणि टप्पकन पुरचुंडीला जाऊन चिकटली. डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि जवळ नेला. मी जागी झाले ती त्या आवाजानं. डोळे उघडले तर डॉक्टर आणि आत्या एकमेकींकडं बघत होत्या आणि दोघींच्या मध्ये काकांना किल्ल्या लटकत होत्या.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझे यजमान," आत्या म्हणाली.

"आजी, तुमचे यजमान चुंबक आहेत. चांगलं जोरदार."

चुंबक एकदा फिरवलं तर यंत्र जादा टोचणी देतं आणि धरून ठेवलं तर धरलं तोवर बंद पडतं. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अण्णांनी त्यातलं पूजेपुरतं लक्षात ठेवलं होतं. आता त्यांनी पुरचुंडीवरची एक टाचणी धरून ओढली. ती मखमलीतून निघाली नाही, वरून सुटली. एकही टाचणी टोचलेली नव्हती. सगळ्या चिकटलेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही शिंपी, आणि टाचणी टोचलीय की चिकटलीय हे कुणी बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या छातीवर त्यांचं उपकरण धरून यंत्राचा करंट थोडा उतरवला आणि दोन टोचण्यांमधलं अंतर वाढवलं. कुशीवर झोपायला सांगितलं. पुढच्या महिन्यात रात्रभराची तपासणी, गरज पडली तर झोपताना हवेचा मास्क. "यंत्र काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला जरा दमानं घ्यायला लावायचं."

"मग परवाची फिट?" आत्यानं विचारलं.

डॉक्टर तिच्याकडं वळल्या. "दुपारभर यंत्र बंद राहिलं. त्यानं आली असेल. नक्की कुणालाच सांगता येणार नाही, आजी."

परतीच्या एसटीत आमच्याजवळची जागा रिकामी होती, तरी आत्या पार मागच्या बाकावर जाऊन बसली. मी हाक मारली तर म्हणाली, "लाउडस्पीकर लांब ठेवायचा असतो ना." साऱ्या गावाचे लाउडस्पीकर तिनं माझ्यापासून हाकलले होते, आणि एक गळ्यात घालून रोज माझ्या उशाशी बसत होती.

घरी आल्यावर ती दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. "त्यांच्या पहिल्या भोंग्याच्या पोटातला तुकडा हाय," ती म्हणाली. "त्यात चुंबक असतं हे मला कुणी सांगितलं? मी त्यांचा आवाज ठेवला होता, वैजू."

मला रडू आवरेना. "असू दे ना गळ्यात," मी म्हटलं. "तू फक्त माझ्यापासून थोडी लांब बसत जा."

"आणि फिट आली तर लांबून बघत बसू?"

तिनं दोरा मानेवरून काढला आणि शटरच्या बाहेर पाटीचा खिळा होता त्याला पुरचुंडी अडकवली. मग चपला काढून आत आली. तेव्हापासून तोच रिवाज पडला. देवळात जाताना ती बाहेर पडून काकांना गळ्यात घालायची. परत आल्यावर उंबऱ्याशी चपला आणि काका एकदमच उतरवायची. "सदा, मी आले रे," अण्णांना सांगायची. "तुझे दाजी बाहेर हायत."

त्यानंतर एका दुपारी मी पडद्यामागं कुशीवर झोपले होते. आत्या उशाशी होती. तिचा हात माझ्या छातीवर होता, मोकळा, उघडा. मला जाग आली ती कुणी न उठवता. डोकं हलकं होतं, सकाळीही तसंच होतं. पण लाकूड कापल्याचा आवाज मात्र येतच होता. मी मान वळवून बघितलं. आत्या बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपली होती आणि गड्यासारखी घोरत होती. इतकी वर्षं माझ्या पाळतीवर जागलेली बाई ती. मी तिचा हात हळूच उचलून गादीवर ठेवला आणि पडद्याबाहेर आले.

बाहेर थोरातवहिनी उभ्या होत्या. मुलीच्या ब्लाउजसाठी नवीन कापड घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं.

"वैजू, तू इथं, मग आत कोण घोरतंय?"

मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी टोचणी चालू झाली. "गडी आहे, वहिनी," मी फौजदाराच्या आवाजात म्हटलं.

"पगारी ठेवलाय," अण्णा म्हणाले.

त्यांनी माझे डोळे नीट बघितले. मग टेप काढली, पुन्हा गळ्यात घातली, ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि कात्री टेबलावर माझ्यापुढं ठेवली. "एक उजवी, एक डावी," म्हणाले आणि बटणांच्या डब्याकडं वळले.

मी कापड पसरलं, खडूनं रेघा मारल्या आणि पहिली कात्री चालवली. दोन्ही बाह्या कापून होईपर्यंत पडद्यामागचा गडी एकदाही मध्ये थांबला नाही.